स.न.वि.वि. आणि कंटेनरचा नंबर

जानेवारी उजाडला की बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या द्राक्षाच्या पॅकहाउसमधून दोन प्रकारचा माल निघतो. एक पेट्यांतून, दुसरा मेलमधून. पेट्या भरायला पन्नास-साठ बायामाणसं असतात. मेल पाठवायला एकटा मी. बोरीच्या काळ्या द्राक्षांचा एक रीफर कंटेनर न्हावा-शेव्याकडे सुटला की त्याच्यामागे सहा-सात मेल सुटतात: कस्टमच्या एजंटाला सील नंबर, खरेदीदाराला पॅकिंग लिस्ट, फायटोच्या (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या दाखल्याच्या) कागदांसाठी एक, बँकेला एक, वाहतूकवाल्याला एक, आणि ज्याच्या बागेतला माल त्या बागायतदाराला वजनाचा तपशील. मजकूर बहुतेक कालचाच. बदलतात ते चार-पाच आकडे आणि एखादं नाव.

पहिली दोन वर्षं मी तेच केलं जे बहुतेक ऑफिसांत चालतं. पाठवलेल्या मेलांत जायचं, कालचा मेल उघडायचा, फॉरवर्ड करायचा, नाव-तारीख बदलायची, सोडून द्यायचा. एका मार्चमध्ये असाच मेल गेला आणि रात्री साडेदहाला एजंटाचा फोन आला, "साहेब, गाडीवर नंबर वेगळा, मेलमध्ये वेगळा. खरा कुठला धरू?" कालच्या गाडीचा कंटेनर नंबर आजच्या मेलात तसाच राहून गेला होता. गाडी तोवर घाटात, आणि एजंटाने कागद करायला घेतले होते ते चुकीच्या नंबराचे. ती रात्र निस्तरण्यात गेली.

चूक माझीच होती, पण ती पकडली का गेली नाही हे पाहण्यासारखं आहे. कंटेनरच्या नंबरात चार अक्षरं असतात, मग सहा आकडे आणि शेवटी सातवा आकडा तपासणीचा. हा सातवा आकडा आधीच्या दहा खुणांवरून काढलेला असतो. प्रत्येक खुणेला एक किंमत, ती कितव्या जागी आहे त्यावरून दुपटीने वाढत जाणारा गुणक, सगळ्याची बेरीज, आणि 11 ने भागून उरलेली बाकी. त्यामुळे 3 च्या जागी 8 टाइप झाला की गणित जुळत नाही आणि तपासणारं सॉफ्टवेअर नंबर घेतच नाही. हाताच्या चुकीवर हा उपाय फार हुशारीचा आहे. पण माझा कालचा नंबर पूर्ण बरोबर होता. गणितात बसणारा, अस्तित्वात असलेल्या कंटेनरचा, फक्त आजचा नव्हे. कॉपी-पेस्टने होणारी चूक ही अशी असते. ती दिसायला शुद्धलेखनासारखी स्वच्छ असते.

तेव्हापासून मी मेलसाठी मॅक्रो वापरू लागलो. मॅक्रो म्हटलं की लोकांना प्रोग्रामिंग आठवतं आणि ते खुर्ची मागे घेतात. खरं तर ही कल्पना आपल्याकडे पोस्टकार्डावर होती. 'स.न.वि.वि.' एवढी चार अक्षरं लिहिली की वाचणारा मनात 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' असं उलगडून घ्यायचा. वडीलधाऱ्यांना 'सा.न.वि.वि.', लहानांना 'चि.', आणि शेवटी 'ता.क.'. दप्तरातल्या जुन्या पत्रांचे मायने तर याहून लांब. कोणाला 'राजमान्य राजश्री', कोणाला नुसतं 'यांसी', पुढे क्षेमकुशल, अखेरीला 'बहुत काय लिहिणे'. कारकुनाने मायना घोटलेला असे, डोकं वापरायचं ते मधल्या दोन ओळींत. मॅक्रोत फरक एवढाच की आखूड खूण लिहिणारा टाइप करतो आणि उलगडून लांब मजकूर मांडण्याचं काम संगणक करतो. वाचणाऱ्याला लघुरूप दिसतच नाही. (याच बारामतीत मोरोपंतांनी एकच रामकथा पुन्हा पुन्हा नव्या तऱ्हेने बांधली. आमच्या पॅकिंग लिस्टला ती प्रतिभा चालणार नाही. तिथे रोज तेच आणि तसंच हवं.)

शब्दाबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. संगणकाच्या सुरुवातीच्या काळात यंत्राच्या भाषेत प्रोग्राम लिहिताना त्याच त्या सूचनांची रांग वारंवार लिहावी लागे. त्या रांगेला एक नाव द्यायचं आणि नाव लिहिलं की अख्खी रांग तिथे बसायची. ती 'मोठी सूचना', ग्रीक शब्दावरून मॅक्रो. आज ऑफिसांत हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक म्हणजे तयार मजकूर खुणेवर उमटवणं. दुसरा म्हणजे कृतींची साखळी: हे निवड, तिकडे पेस्ट कर, विषय भर, जोडपत्र लाव. मेलच्या कामात नव्वद टक्के गरज पहिल्याची असते.

सुरुवात कुठलंही सॉफ्टवेअर न उतरवता करावी. पाठवलेले शेवटचे शंभर मेल उघडून बसा आणि वहीत लिहा की कुठला परिच्छेद किती वेळा आला. मी हे केलं तेव्हा वाटलं होतं तीस-चाळीस मजकूर निघतील. निघाले अकरा. त्यातले चार रोजचे. 'माल आज निघाला', 'कागद सोबत जोडले आहेत', 'नमुन्याचा रेसिड्यू रिपोर्ट कळवावा' आणि बागायतदारांना जाणारा 'आपल्या बागेतील मालाचे वजन खालीलप्रमाणे'. बाकीचे आठवड्याला एकदा.

जीमेलवाल्यांना हत्यार हातात आहे, फक्त बंद ठेवलेलं असतं. दातेरी चाकावर टिचकी, 'सी ऑल सेटिंग्ज', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड', तिथे 'टेम्प्लेट्स' समोर 'एनेबल', आणि तळाशी जाऊन 'सेव्ह चेंजेस'. तळाशी जायचं विसरलं की काहीच होत नाही, आणि नव्या माणसाचा अर्धा तास इथेच जातो. नंतर नवा मेल उघडून मजकूर लिहायचा, खालच्या तीन टिंबांवर जाऊन तो टेम्प्लेट म्हणून जपायचा. असे पन्नास जपता येतात. फोनवरच्या जीमेलमध्ये मात्र हे मिळत नाही. त्याच सेटिंगमध्ये 'अनडू सेंड' ची मुदत तीस सेकंदांवर नेऊन ठेवा. तो मॅक्रो नव्हे, पण मॅक्रो वापरणाऱ्याला लागतोच.

थंडरबर्डमध्ये मेल टेम्प्लेट म्हणून जपता येतो, शिवाय क्विकटेक्स्ट नावाची जोड मिळते. तिच्यात खूण लिहून टॅब दाबला की मजकूर येतो, आणि ज्याला मेल आहे त्याचं नाव आपोआप भरता येतं. जुन्या आउटलुकमध्ये क्विक पार्ट्स आहेत: मजकूर निवडून नाव देऊन ठेवायचा, पुढे नावाची पहिली अक्षरं टाइप करून एफ-3 दाबायचं. वर्ड आणि एक्सेलमध्ये मॅक्रो 'रेकॉर्ड' करता येतो, म्हणजे आपण करायचं आणि त्याने शिकायचं. आउटलुकमध्ये ती सोय नाही, तिथे हाताने लिहावा लागतो. नव्या आउटलुकमध्ये तर असे मॅक्रो चालतच नाहीत. संगणक बदलला आणि जुना मॅक्रो गायब झाला तर घाबरू नका, कारण बहुतेक हेच असतं.

मी स्वतः ज्यावर स्थिरावलो ते ऑटोहॉटकी. विंडोजवर चालतं, फुकट आहे, आणि कुठल्याही खिडकीत काम करतं: मेलमध्ये, एक्सेलमध्ये, पोर्टलच्या रकान्यात. साध्या नोटपॅडच्या फाइलमध्ये अशी ओळ लिहायची:

::,,1::माल आज सकाळी पॅकहाउसमधून निघाला आहे.

दोन कोलन, खूण, दोन कोलन, मजकूर. बस. दोन स्वल्पविराम आणि एक टाइप करून स्पेस दाबला की खूण पुसली जाते आणि वाक्य उमटतं. ओळी जास्त असतील तर मजकूर खालच्या ओळीवर कंसात घालायचा. फाइल जपताना एन्कोडिंग यूटीएफ-8 हवं, नाहीतर मराठीच्या जागी कचरा येतो. आणि संगणकाच्या लेखी १ आणि 1 ही दोन वेगळी अक्षरं आहेत. मराठी कळफलक चालू असताना देवनागरी आकडा उमटत असेल तर खूण ओळखली जाणार नाही. मी दोन्हींसाठी एकेक ओळ लिहून ठेवली आहे.

खूण कुठली निवडावी याचा धडा मला सातबाऱ्याने दिला. सुरुवातीला मी तिरपी रेघ आणि आकडा वापरायचो, /1, /2 अशा खुणा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये झटपट उत्तरं तिरप्या रेघेनेच निघतात, तीच सवय. वर उत्साहाच्या भरात दोन पर्याय लावले होते: स्पेसची वाट न पाहता लगेच उलगड, आणि शब्दाच्या मध्ये खूण आली तरी उलगड. मग एका बागायतदाराच्या पीककर्जासाठी बँकेला पत्र लिहायला बसलो. टाइप केलं 'सोबत 7/12 उतारा जोडत आहे'. पडद्यावर उमटलं:

सोबत 7माल आज सकाळी पॅकहाउसमधून निघाला आहे.2 उतारा जोडत आहे.

संगणकाने सातनंतर /1 पाहिलं, आज्ञा पाळली, आणि उरलेला 2 शेपटासारखा लावून दिला. शेजारी बसलेले ते बागायतदार अण्णा म्हणाले, "आवो, माल न्हाय, जमीन तारण ठिवायचीय." ज्या गावात निम्म्या मेलांत 7/12 आणि उरलेल्यांत गट नंबर 112/1 असतो, तिथे तिरपी रेघ ही खूण होऊच शकत नाही. दोन्ही पर्याय काढले आणि स्वल्पविराम जोडीने घेतले. आपल्या लिखाणात कधीच एकत्र न येणारी जोडी शोधायची, एवढंच तत्त्व.

दुसरी गंमत फोन नंबरची. सहीच्या मजकुरात मी +91 लिहिलं होतं. उमटायचं (1 असं. कितीदा पुसून लिहिलं तरी तेच. उलगडा असा की ऑटोहॉटकीच्या भाषेत अधिकाचं चिन्ह म्हणजे शिफ्टची कळ. +9 म्हणजे शिफ्ट धरून नऊ दाब, आणि त्या कळीवर उघडा कंस असतो. पहिल्या दोन कोलनांच्या मध्ये इंग्रजी टी हे अक्षर घातलं की तो मजकूर जसाच्या तसा घेतो. उद्गारचिन्ह, महिरपी कंस यांचीही हीच कथा.

मजकूर लांबला की आणखी एक अडचण येते. वरच्या पद्धतीत ऑटोहॉटकी अक्षर न् अक्षर टाइप केल्याचं सोंग करतं. दोन ओळींपर्यंत ते झपाट्याने होतं. पॅकिंगच्या अटींची पंधरा ओळींची यादी असेल तर मधेच अक्षरं गळतात, ब्राउझरमध्ये तर जास्तच. तिथे खरा उपाय पेस्टचा: मजकूर क्लिपबोर्डवर ठेव, कंट्रोल-व्ही दाब. पण क्लिपबोर्ड ही एकाच वस्तूची फळी आहे. नवं ठेवलं की आधीचं पडलं. मी एक्सेलमधून वजनांचा तक्ता कॉपी करून आणायचो, वाटेत मॅक्रो चालवायचो, आणि तक्ता गायब. म्हणून चांगल्या मॅक्रोत चार पावलं असतात. आधी फळीवर काय आहे ते बाजूला जपायचं, मग आपला मजकूर ठेवायचा, पेस्ट करायचं, आणि थोडं थांबून जुनं परत ठेवायचं. ते 'थोडं थांबून' महत्त्वाचं. पेस्टची आज्ञा दिली आणि लगेच जुनी वस्तू परत ठेवली तर मेलची खिडकी सावकाशीने फळीकडे पाहते तेव्हा तिथे जुनीच वस्तू असते. मग पत्रात अटींच्या जागी वजनांचा तक्ता. आमच्या म्हाताऱ्या संगणकावर अर्धा सेकंद थांबवावं लागतं.

एवढा खटाटोप नको असेल तर विंडोजची कळ आणि व्ही एकत्र दाबा. क्लिपबोर्डचा इतिहास उघडतो, शेवटच्या पंचवीस वस्तू दिसतात, आणि नेहमीच्या गोष्टी पिनेने टोचून ठेवता येतात. पहिल्यांदा तो चालू करायला विचारतो, हो म्हणायचं. कित्येकांचं काम एवढ्यावर भागतं.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळंच. आमच्याकडे जुन्या परिपत्रकांच्या फाइली श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांतल्या. त्यांत दिसायला मराठी असतं, पण अक्षराच्या मागे साठवलेली असतात ती इंग्रजीची चिन्हं. फाँट त्यांना फक्त मराठी मुखवटा चढवतो. मेलमध्ये पेस्ट केलं की मुखवटा उतरतो आणि बागायतदाराच्या फोनवर इंग्रजी अक्षरांची भेळ पोचते. मॅक्रोत घालण्याआधी असा मजकूर एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि डोळ्यांनी वाचावा, कारण रूपांतरात जोडाक्षरं हमखास मोडतात. सगळ्यात जास्त मोडतो तो 'शेतकऱ्यांना' मधला अर्धा र. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, त्याला हलन्त आणि य लावायचा. घाईत साधा र गेला की 'शेतकर्यांना' होतं, आणि पत्र वाचणारे जुने मास्तर फोन करून सांगतात. मॅक्रोचा माझ्या मते सगळ्यात गोड फायदा हाच: 'ऱ्या' एकदा नीट लिहिला की हंगामभर नीट.

सुरक्षेचं थोडक्यात. आपण लिहिलेला मॅक्रो वेगळा आणि मेलमधून आलेल्या फाइलमधला वेगळा. 1999 च्या मार्चमध्ये मेलिसा नावाचा विषाणू वर्डच्या मॅक्रोतून पसरला. फाइल उघडली की तो आउटलुकच्या वहीतल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. नेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने मुळातच अडवायला सुरुवात केली ती 2022 मध्ये. तेव्हा अनोळखी इनव्हॉइसने 'एनेबल कंटेंट' दाबायला सांगितलं तर दाबायचं नाही. आणि ऑटोहॉटकीची फाइल ही उघडी वही आहे, खुर्चीवर बसेल तो वाचेल. तिच्यात पासवर्ड ठेवू नये.

आता पुन्हा त्या कंटेनरकडे. मॅक्रोने कालचा मेल फॉरवर्ड करणं थांबतं हे खरं, पण तयार मजकुरात एखादा जुना आकडा राहिला तर मॅक्रो ती चूक रोज, न थकता करील. म्हणून माझा नियम: जे बदलतं ते तयार मजकुरात लिहायचंच नाही. तिथे असं भोक ठेवायचं:

कंटेनर क्रमांक @@@, सील क्रमांक @@@, पेट्या @@@, निघाल्याची वेळ @@@.

नुसती मोकळी जागा ठेवून चालत नाही, डोळा तिच्यावरून घसरतो. 'कंटेनर क्रमांक' आणि पुढे काहीच नाही, असे दोन मेल माझेच गेले आहेत. @@@ मात्र भातातल्या खड्यासारखं टोचतं. जुन्या आउटलुकमध्ये याला कुलूपही लावता येतं. मेल सुटण्याच्या क्षणी आपोआप चालणारा मॅक्रो लिहायचा, त्याने मजकुरात @@@ शोधायचं, सापडलं तर पाठवणं रद्द. पाच-सहा ओळींचं काम. खूण @@@ च का, तर आउटलुकच्या मॅक्रो लिहायच्या खिडकीत देवनागरी टाकली की प्रश्नचिन्हं होतात.

ऑटोहॉटकीत मी याच्या पुढे एक पायरी गेलो. ,,1 टाइप केलं की आधी छोटी चौकट उघडते आणि कंटेनर नंबर विचारते. दिलेला नंबर ती एका फाइलमध्ये लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी ताडून पाहते. तोच नंबर पुन्हा आला तर मराठीत विचारते, 'हा कालच्या गाडीचा नंबर आहे. नक्की?' सातव्या आकड्याच्या गणिताला जे जमत नव्हतं ते या एका प्रश्नाने जमलं. गेल्या हंगामात हा प्रश्न तीनदा आला. दोनदा मी खरंच एक्सेलमधली कालची ओळ उचलली होती. तिसऱ्यांदा एकाच गाडीचा मेल दुसऱ्यांदा पाठवत होतो, तेव्हा 'हो' दाबलं.

एप्रिल संपला की फाइल उघडून साफ करतो. बागांची निर्यात नोंदणी हंगामागणिक होते. ग्रेपनेट या निर्यात द्राक्षांच्या नोंदणी पोर्टलवर प्रत्येक पेटीचा माग बागेपर्यंत लावता येतो, तिथे गेल्या वर्षीचा नोंदणी क्रमांक मजकुरात लपून राहिला तर सगळीच पंचाईत. न वापरलेले मजकूर काढून टाकतो. अकरांचे आता सात उरलेत. त्यांच्या खुणा एका पुठ्ठ्यावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवल्या आहेत. मी रजेवर असलो की ऑफिसातला मुलगा तो पुठ्ठा पाहून काम भागवतो.

'ता.क.' साठी मात्र खूण केलेली नाही. सगळं उमटून झाल्यावर तिथे काही लिहायचं असेल तर हाताने लिहितो: काल रात्री भिगवणकडे पाऊस झाला, दोन बागांची काढणी एक दिवस पुढे ढकलली आहे. खरेदीदाराचं उत्तर आलं तर बहुतेक वेळा त्या ओळीलाच येतं.